वेष्टनावरची बारीक अक्षरे: टोकाच्या हार्डकोर, ग्राइंडकोर आणि मेटल रेकॉर्ड्स कशा शोधाव्यात आणि त्यांवर कसे लिहावे

बर्मिंगहॅमच्या नेपाम डेथ या ग्राइंडकोर (हार्डकोर पंक आणि मेटल यांच्या संकरातून आलेल्या अतिवेगवान प्रकारातल्या) बँडचा 'स्कम' हा 1987 चा अल्बम हातात घेऊन त्याची मागची बाजू वाचली, तर एक चमत्कारिक गोष्ट लक्षात येते. तबकडीच्या पहिल्या बाजूवर वाजवणारी माणसे दुसऱ्या बाजूवर नाहीतच; दोन्हीकडे असलेला एकमेव इसम म्हणजे ड्रमर मिक हॅरिस. पहिल्या बाजूवर गिटार वाजवणाऱ्या जस्टिन ब्रॉडरिकने पुढे गॉडफ्लेश हा बँड काढला, दुसऱ्या बाजूवर गाणाऱ्या ली डोरियनने कॅथीड्रल हा बँड आणि राइज अबव्ह हे लेबल (रेकॉर्ड काढणारी संस्था) सुरू केले, त्याच बाजूचा गिटारवादक बिल स्टीअर हा कारकास या बँडचा, आणि मुखपृष्ठ चितारणारा जेफ वॉकर हाही कारकासचाच बेसवादक व गायक. म्हणजे जेमतेम अर्ध्या तासाच्या एका रेकॉर्डच्या पाठीवरून यंत्रासारखे इंडस्ट्रियल, संथ आणि जड डूम आणि रक्तमांसाच्या वर्णनांचे गोअरग्राइंड अशा तीन वाटा फुटतात, आणि त्या शोधायला वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचण्यापलीकडे काही करावे लागत नाही.

या संगीतात रेकॉर्ड शोधणे आणि तिच्यावर लिहिणे ही दोन वेगळी कामे आहेत असे मला वाटत नाही. ज्या नावांच्या मागाने रेकॉर्ड सापडते, तीच नावे तिचे वेगळेपण ओळखायला उपयोगी पडतात. सवय नसलेल्या माणसाला हे सगळे संगीत एकसारखेच ऐकू येते, आणि परीक्षण लिहिणारा माणूस तरी त्यात फरक सांगू शकेल अशी अपेक्षा असते. त्याने "जबरदस्त वेगवान आणि निर्दयी" एवढेच लिहिले, तर न ऐकणाऱ्याचे म्हणणेच त्याने मान्य केल्यासारखे होते.

आधी कान, मग यादी

नव्याने सुरुवात करणाऱ्याने शंभर बँडांची यादी समोर ठेवू नये. चार-पाच मुळांच्या रेकॉर्ड्स घ्याव्यात आणि त्या पाठ होईपर्यंत ऐकाव्यात. माझी निवड अशी असते: डिस्चार्जचा 1982 चा 'हिअर नथिंग सी नथिंग से नथिंग', मॅसॅच्युसेट्समधल्या सीजचा 1984 चा 'ड्रॉप डेड' हा डेमो (बँडने स्वतः काढलेले कच्चे ध्वनिमुद्रण), 'स्कम', मिशिगनमधल्या रिपल्शनचा 'हॉरिफाइड' आणि टेररायझरचा 1989 चा 'वर्ल्ड डाउनफॉल'. या पाचांत हार्डकोर पंकपासून ग्राइंडकोरपर्यंतचा आणि तिथून डेथ मेटलच्या उंबरठ्यापर्यंतचा प्रवास येतो. 'हॉरिफाइड' 1989 साली बाजारात आला. मात्र त्याचे ध्वनिमुद्रण 1986 चे आहे. मधल्या काळात ते कॅसेटवरून हातोहात फिरत होते आणि ज्यांच्यावर त्याचा परिणाम झाला त्यांच्यापैकी काहींच्या रेकॉर्ड्स त्याच्या आधी दुकानात पोचल्या. त्यामुळे प्रकाशनाचे साल पाहून "कोणी कोणाची नक्कल केली" हे ठरवणारा परीक्षक इथे हमखास फसतो. मुद्रणाचे साल आणि प्रकाशनाचे साल वेगवेगळे टिपण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

पहिल्या फेरीत फक्त ड्रम ऐकावेत. डिस्चार्जच्या नावावरूनच ओळखला जाणारा डी-बीट हा धावता, पण पावलांत मोजता येणारा ठेका आहे. त्यावर मान हलवता येते. ब्लास्ट बीटमध्ये ती सोय उरत नाही. त्याच्या पारंपरिक प्रकारात पायाने वाजवायचा बेस ड्रम आणि काठीने वाजवायचा स्नेअर आलटून पालटून इतक्या वेगाने पडतात की त्यांची एक सलग खरखर होते. हॅमर ब्लास्टमध्ये दोन्ही एकाच क्षणी पडतात, त्यामुळे तोच वेग अधिक सपाट आणि यंत्रासारखा वाटतो. बॉम्ब ब्लास्टमध्ये खाली दोन्ही पायांचा अखंड दुहेरी बेस ड्रम चालू असतो. ग्रॅव्हिटी ब्लास्टमध्ये ड्रमर स्नेअरच्या कडेचा टेकू घेऊन एकाच हाताने, काठी खाली-वर करताना दोन्ही वेळा आघात काढतो. तो कानाला मऊ आणि बारीक लागतो, कारण त्या हालचालीत जोर फारसा मावत नाही. ही चार नावे पाठ करण्यापेक्षा त्यांतला फरक डोळे मिटून ओळखता येणे महत्त्वाचे. एकदा तो जमला की ग्राइंडकोरच्या दोन रेकॉर्ड्स पुन्हा कधीच सारख्या वाटत नाहीत.

दुसऱ्या फेरीत गिटार आणि बेस यांचा तळ ऐकावा, तिसऱ्यात आवाज. गुरगुर, किंकाळी, हार्डकोरमधली सरळ ओरड आणि श्वास आत ओढून काढलेला डुकराच्या चीत्कारासारखा आवाज यांचे काम वेगवेगळे असते. एक्स्ट्रीम नॉइज टेररसारख्या बँडात दोन गायक एकमेकांच्या तोंडचे शब्द हिसकावून घेतात, तेव्हा त्या झटापटीतूनच गाण्याची रचना उभी राहते; तिथे वेगळा कोरस शोधत बसू नये.

इथेच एक सावधगिरी सांगतो. डिस्कॉर्डन्स ॲक्सिसचा 2000 सालचा 'दि इनएलिअनेबल ड्रीमलेस' किंवा पिग डिस्ट्रॉयरचा 2001 चा 'प्राउलर इन द यार्ड' ऐकून कोणी "बेस गिटार मिश्रणात हरवली आहे" असे लिहिले, तर ते वाक्य हास्यास्पद ठरते, कारण या दोन्ही बँडांत तेव्हा बेसवादकच नव्हता. मोकळ्या राहिलेल्या त्या जागेत गिटारने काय भरले, हा खरा विषय आहे. वादकांची यादी वाचण्याआधी मिश्रणाबद्दल, म्हणजे वाद्यांचे आवाज एकत्र कसे बसवले आहेत याबद्दल, एक शब्दही लिहू नये.

माग काढण्याची रीत

कान तयार झाले की शोध सुरू करावा, आणि तो आपोआप पुढे सरकणाऱ्या शिफारशींवर सोडू नये. शिफारशींचे यंत्र लोकांनी जे एकत्र ऐकले तेच पुढे करते, आणि ज्या डेमोच्या साठच प्रती निघाल्या तो फारसा कोणी ऐकलेलाच नसतो. वेष्टनावरच्या नावांना मात्र ही मर्यादा नसते.

वादकांची नावे हा सर्वांत उघड धागा, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. स्टुडिओ आणि मुद्रण करणारा माणूस हा धागा अधिक रसाळ आहे. स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत टोमास स्कोग्सबेर्ग यांनी मुद्रित केलेला एन्टूम्डचा 1990 चा 'लेफ्ट हँड पाथ' घ्या. त्यातला करवतीने ओला लाकडी ओंडका कापावा तसा गिटारचा आवाज बॉस कंपनीच्या एचएम-2 या, गिटारचा आवाज बदलणाऱ्या पायपट्टीतून येतो. ती पट्टी 1983 ते 1991 या काळात तयार होत होती आणि तिची सगळी बटणे शेवटपर्यंत फिरवणे हीच ती वापरण्याची पद्धत होऊन बसली. आता 2010 साली निघालेला नेल्सचा 'अनसायलेंट डेथ' लावा. बँड कॅलिफोर्नियाचा, पिंड हार्डकोरचा, लांबी साधारण चौदा मिनिटे, आणि तरीही गिटारमध्ये तीच करवत. त्याचे मुद्रण कर्ट बॅलू यांचे, जे स्वतः कन्व्हर्जचे गिटारवादक आहेत आणि सेलममध्ये गॉडसिटी हा स्टुडिओ चालवतात. स्वीडिश डेथ मेटल आणि अमेरिकी हार्डकोर यांच्यातला हा पूल कुठल्याही वर्गवारीत सापडत नाही. श्रेयनामावलीत तो एका ओळीत सापडतो. मास्टरिंगच्या, म्हणजे रेकॉर्ड निघण्याआधी आवाजावर केलेल्या शेवटच्या कामाच्या, श्रेयाचेही तसेच. पिग डिस्ट्रॉयरचे गिटारवादक स्कॉट हल यांनी इतर अनेक बँडांच्या रेकॉर्ड्सचे मास्टरिंग केले आहे, आणि ते नाव जिथे दिसेल तिथे थांबून ऐकणे मला आजवर फार क्वचित महाग पडले आहे.

लेबलाच्या बाबतीत एक साधा नियम मी पाळतो. लेबल छोटे असेल तर त्याची सगळी यादी क्रमांकानुसार, पहिल्या प्रकाशनापासून ऐकत जावी. मोठे असेल तर फक्त सुरुवातीची काही वर्षे ऐकावीत. नॉटिंगहॅमच्या इअरेकची ऐंशीच्या दशकाच्या अखेरची यादी म्हणजे एका माणसाची आवड होती. पुढे तो व्यवसाय झाला. दुसरीकडे कॅलिफोर्नियातले स्लॅप अ हॅम हे लेबल शेवटपर्यंत स्पॅझ या बँडच्या ख्रिस डॉज यांच्या आवडीचे राहिले, आणि पॉवरव्हायोलन्स या नावाने ओळखला जाणारा प्रकार, म्हणजे क्षणात ब्लास्ट आणि क्षणात चिखलासारखे मंद असे उलटसुलट हार्डकोर, समजून घ्यायचा असेल तर त्याची यादी आणि इन्फेस्टचा 1988 चा 'स्लेव्ह' एवढी शिदोरी पुरते.

आभाराची यादी हा माझा सर्वांत आवडता धागा आहे. कॅसेटी टपालाने पाठवून अदलाबदल करण्याच्या काळात बँड एकमेकांना पत्रांनी ओळखत, आणि ती ओळख वेष्टनाच्या आतल्या पानावर मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत छापली जाई. वेगवेगळ्या देशांतल्या तीन रेकॉर्ड्स घ्याव्यात, तिन्हींच्या आभाराच्या याद्या एका कागदावर शेजारी शेजारी उतरवाव्यात आणि तिन्हींत आलेली, पण आपल्याला अजिबात माहीत नसलेली नावे अधोरेखित करावीत. प्रत्येक खेपेला अशी दोन-तीन नावे निघतातच, आणि त्यांतले एखादे तरी असे असते की पुढचा महिना त्यातच जातो. हे काम कंटाळवाणे आहे हे मान्य. पण डोळ्यांवर ताण देऊन वाचलेल्या त्या यादीतून मिळालेला बँड जितका लक्षात राहतो तितका कोणी पुढे ढकललेला राहत नाही.

स्प्लिट तबकड्यांचे गणित वेगळे. एका बाजूला एक बँड, दुसऱ्या बाजूला दुसरा. बेल्जियमच्या ॲगाथोक्लीजने अशा इतक्या तबकड्या काढल्या आहेत की त्यांच्या जोडीदार बँडांची यादी म्हणजे जगभरच्या ग्राइंडकोरचा नकाशाच आहे. स्प्लिट हाती आली की अनोळखी बाजू आधी वाजवावी. ओळखीची बाजू आधी लावली तर दुसरी तिच्या तुलनेत तोलली जाते आणि बहुधा अन्यायच होतो.

भूगोलाचाही धागा धरावा. ब्राझीलमधल्या बेलो ओरिझोंची शहरात कोगुमेलो या लेबलाभोवती जमलेल्या बँडांनी, विशेषतः सार्कोफागोने 1987 च्या 'आय.एन.आर.आय.'वर, जे वाजवले ते तेव्हाच्या युरोपच्या कितीतरी पुढे होते. जपानच्या एस.ओ.बी.ने त्याच वर्षी जो वेग गाठला तो बर्मिंगहॅमच्या बरोबरीचा होता. सिंगापूरच्या वर्मरॉटचा 2009 चा 'अब्यूज' घरच्या परिसरात पुरता पचण्याआधीच जगभर पोचला. एखाद्या देशाचा माग काढताना बँडची नावे त्या देशाच्या लिपीतही शोधावीत. रोमन लिपीत सापडणारे बँड म्हणजे परदेशी श्रोत्यांना आधीच ठाऊक झालेले बँड असतात.

कोठारे आणि त्यांच्या आंधळ्या जागा

आज हा माग काढायला तीन मोठी संकेतस्थळे हाताशी आहेत, आणि तिन्हींना काही गोष्टी दिसत नाहीत. डिस्कॉग्ज 2000 साली सुरू झाले. एकाच रेकॉर्डच्या निरनिराळ्या आवृत्त्या, श्रेयनामावली आणि तबकडीवर कोरलेली अक्षरे यांसाठी त्याला तोड नाही. पण नोंदी वापरणाऱ्यांनीच केलेल्या असल्याने कोणी ज्याची नोंदच केली नाही तो डेमो तिथे अस्तित्वातच नसतो. मेटल आर्काइव्हज 2002 पासून आहे, आणि वादकांच्या आजी-माजी बँडांची साखळी तिथे सर्वांत नीट मिळते. मात्र निखळ हार्डकोर पंक बँडांना तिथे जागा नाही, त्यामुळे ग्राइंडकोरचे अर्धे आजोळ तिथे गायब असते. तिसरे बँडकॅम्प, जिथे बँड आपले संगीत थेट विकतात. तिथले प्रकारांचे शिक्के बँडने स्वतः लावलेले असल्यामुळे ते फसवे असतात; खरी खाण आहे ती खरेदीदारांच्या उघड्या संग्रहांत. आपल्याला आवडलेल्या, पण फार थोड्यांनी घेतलेल्या अल्बमच्या पानावर जावे, तो घेणाऱ्यांपैकी एखाद्याचा संग्रह उघडावा आणि त्यात आपल्या आवडीच्या आणखी दोन रेकॉर्ड्स दिसल्या तर उरलेला संग्रह सावकाश चाळावा. हे जुन्या कॅसेट-अदलाबदलीचेच नवे रूप आहे, फक्त पत्र लिहावे लागत नाही.

जुनी नियतकालिकेही विसरू नयेत. 1982 पासून 2019 पर्यंत कागदावर निघालेल्या मॅक्झिमम रॉक अँड रोलच्या अंकांतली चार-चार ओळींची परीक्षणे वाचली की दोन गोष्टी साधतात: विस्मृतीत गेलेले डेमो सापडतात आणि थोडक्यात लिहिणे म्हणजे काय ते कळते. त्याच अंकांतल्या लेबलांच्या जाहिराती मात्र परीक्षणांइतक्याच काळजीने वाचाव्यात, कारण कोणत्या रेकॉर्ड्स एकत्र विकल्या जात होत्या हे तिथेच दिसते.

प्रत हातात आल्यावर

एका सात इंची तबकडीवर मी एकदा पाऊण पानाचे परीक्षण लिहिले होते. ग्राइंडकोरच्या नावाखाली निघालेली ही रेकॉर्ड किती धीट संथपणाने वाजते, गायकाचा आवाज कसा विहिरीच्या तळातून आल्यासारखा आहे, आणि झांजांचा नाद कसा पिवळट, लोंबता आहे, याचे मी त्यात मनापासून कौतुक केले होते. पुढे त्याच गाण्यांची डिजिटल प्रत ऐकली तेव्हा कळले की तबकडी मिनिटाला 45 फेऱ्यांची होती आणि मी ती 33 वर वाजवली होती. वेष्टनावर गतीचा उल्लेख नव्हता, तबकडीच्या मध्यावरच्या कागदी लेबलावरही नव्हता, आणि मी शोधलाही नव्हता.

या चुकीची खूण सोपी आहे. 45 ची तबकडी 33 वर लावली की सगळे स्वर सुमारे पाच अर्धस्वरांनी खाली येतात आणि झांजांची शेपटी अनैसर्गिक लांबते. गायकाचा आवाज खोल असू शकतो, पण झांज खोटे बोलत नाही. उलट चूक झाली तर गायक खारीसारखा चिरकतो, आणि या संगीतात तेही काही काळ खपून जाते. म्हणून लिहिण्यापूर्वी एखाद्या गाण्याचा अवधी घड्याळावर मोजावा आणि छापलेल्या किंवा डिजिटल अवधीशी ताडून पाहावा. स्प्लिटच्या दोन बाजूंची गती वेगवेगळी असू शकते हेही ध्यानात ठेवावे.

त्या कागदी लेबलाच्या बाहेर, जिथे खाच संपते त्या कोऱ्या पट्टीवर कोरलेली अक्षरे भिंगाखाली धरावीत. त्यांवरून आवृत्ती कळते, अनेकदा तबकडी कापणाऱ्याची सही असते, आणि कधी कधी बँडचा एखादा आगाऊ विनोदही. तबकडीच्या माध्यमाबद्दल आणखी एक गोष्ट परीक्षकाने जाणून असावी. खाच मध्याकडे सरकते तशी सुईखालून दर सेकंदाला जाणारी लांबी कमी होते आणि उंच स्वर गढूळ होतात. सात इंची तबकडीच्या एका बाजूवर 45 च्या गतीने चार-पाच मिनिटांहून जास्त संगीत कोंबले तर आवाजही दबतो. बाजूच्या शेवटच्या गाण्यातल्या झांजा मळकट वाटल्या, तर मिश्रणाला दोष देण्याआधी तेच गाणे डिजिटल प्रतीत ऐकावे. जुन्या प्रतींची प्रतवारी, ओरखडे, वेष्टनाचे कोपरे हे सगळे संग्राहकांचे शास्त्र आहे. परीक्षणात त्याला एका वाक्याहून जास्त जागा देण्याचे कारण नाही.

ऐकण्याची बैठक

परीक्षणासाठी मी रेकॉर्ड किमान चार वेळा ऐकतो, आणि चारही वेळा एकाच दिवशी नाही. पहिल्यांदा हातात काही नसते. दुसऱ्यांदा घड्याळ आणि कागद: कोणत्या गाण्यात, कोणत्या सेकंदाला काय बदलते, एवढेच. तिसऱ्यांदा गीतांचा कागद समोर. चौथ्यांदा शेजारी तुलनेची एक रेकॉर्ड, आणि दोन्हींचा आवाज कानाला सारखा वाटेल असा बेतून. ही शेवटची अट दिसते त्याहून महत्त्वाची आहे, कारण जी रेकॉर्ड जरा मोठ्याने वाजते ती मनाला चांगली वाटते, आणि आजची मास्टरिंग बहुधा जास्तीत जास्त मोठ्याने वाजावी अशीच केलेली असते.

विकृत आवाज आणि बिघडलेला आवाज यांतला भेद सांगता येणे हे या क्षेत्रातल्या परीक्षकाचे खरे कसब आहे. गिटारची विकृती हेतुपूर्वक असते. पण प्रत्येक वेळी बेस ड्रम पडताच बाकी सगळा आवाज क्षणभर आत ओढला जात असेल, किंवा स्नेअरच्या आघाताला सुरुवातीचे टोकच उरले नसेल, तर ती बहुधा मास्टरिंगमध्ये झालेली दाबादाबी असते. तीही कोणाला हवी असू शकते. म्हणून "मुद्रण वाईट आहे" असा निकाल न देता काय होते ते सांगावे: स्नेअर पत्र्याच्या डब्यासारखा आहे, गिटार दोन्ही बाजूंना असून मध्य रिकामा आहे, गायक बाकीच्यांच्या मागे उभा राहिल्यासारखा ऐकू येतो. ज्याला तसे आवडते तो वाचक तेवढ्यावरून रेकॉर्ड घेईल, आणि ज्याला आवडत नाही तो घेणार नाही. दोघांचेही काम झाले.

लिहिताना

परीक्षणाच्या वर एका ओळीत बँड, शीर्षक, लेबल, माध्यम, गती, एकूण अवधी, गाण्यांची संख्या आणि मुद्रणाचे व प्रकाशनाचे साल द्यावे. अवधी आणि गाण्यांची संख्या हे दोन आकडे शेजारी आले की निम्मे वर्णन तिथेच होते: अकरा मिनिटांत एकोणीस गाणी आणि अकरा मिनिटांत तीन गाणी यांत वाचकाला काही समजावून सांगावे लागत नाही.

त्यानंतरचे पहिले वाक्य रेकॉर्डबद्दलच असावे. बँडचा इतिहास, प्रकाराची व्याख्या, आपण ही रेकॉर्ड कशी मिळवली याची कथा, यांपैकी काहीही आधी येऊ नये. आता दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहू. पहिले: "हा अल्बम म्हणजे कानठळ्या बसवणारा, क्षणाचीही उसंत न देणारा हल्ला आहे." दुसरे: "तिसऱ्या गाण्यात ब्लास्ट नऊ सेकंद चालतो, मग ड्रमर एकाएकी निम्म्या वेगावर उतरतो, पण गिटार तोच रिफ तेवढ्याच वेगाने वाजवत राहते आणि दोघे चार फेऱ्यांनी पुन्हा एकमेकांना गाठतात." पहिले वाक्य गेल्या चाळीस वर्षांतल्या कुठल्याही ग्राइंडकोर रेकॉर्डवर चिकटवता येईल. दुसरे एकाच रेकॉर्डचे आहे (रिफ म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून), आणि त्यात एकही गुणविशेषण नाही. हल्ला, सूड, कत्तल, उद्ध्वस्त करणे, चिरडणे हे शब्द या क्षेत्रात इतके घासले गेले आहेत की मी ते वर्षभरासाठी स्वतःवर वर्ज्य केले होते. पहिले दोन महिने लिहिताच येईना, आणि त्यावरूनच त्यांची किती सवय लागली होती ते कळले.

तुलना करावी, पण एकाच बँडशी, आणि ती कुठे संपते तेही सांगावे. "नासुमच्या चाहत्यांना आवडेल" हे विक्रेत्याचे वाक्य झाले. "रिफ नासुमसारखे सरळ आणि गुणगुणता येण्याजोगे आहेत, पण नासुममध्ये जिथे डी-बीट येऊन श्वास घ्यायला जागा देतो तिथे इथे पुन्हा ब्लास्टच येतो" या वाक्यात तुलनेने काहीतरी काम केले. तुलनेचा बँड वाचकाला माहीत नसण्याची शक्यता धरूनच असे वाक्य बांधावे.

गीतांबद्दल लिहिताना मुखपृष्ठावर विसंबू नये. कारकासच्या 1988 च्या पहिल्या अल्बमवर शवविच्छेदनाच्या छायाचित्रांचे चिकटकाम होते आणि गीतांत वैद्यकीय कोशातले शब्द ठासून भरलेले होते. पण ते लिहिणारी माणसे शाकाहारी होती, आणि मांसाबद्दलची शिसारी हाच त्या विनोदाचा गाभा होता. त्यांच्या अनुकरणातून निघालेल्या शेकडो बँडांनी तो गाभा टाकून फक्त रक्त घेतले, आणि काहींनी ते रक्त स्त्रियांच्या देहांवर नेऊन ठेवले. हे दिसले तर ते स्पष्ट लिहावे. "प्रकारच तसा आहे" म्हणून पुढे जाणे म्हणजे ऐकलेले लपवणे. मेटलच्या काही कोपऱ्यांत, विशेषतः ब्लॅक मेटलमध्ये, नाझी विचारांचे बँड आहेत, आणि ते स्वतःची ओळख नेहमी मुखपृष्ठावर देत नाहीत. इथेही वेष्टनच मदतीला येते: लेबलाच्या यादीत आणखी कोण आहे, आभार कोणाचे मानले आहेत, स्प्लिट कोणाबरोबर काढली आहे, हे पाहावे. शंका असेल आणि पुरावा नसेल तर आरोप छापू नये. त्या रेकॉर्डवर न लिहिण्याची मोकळीक परीक्षकाला कायम असते.

पहिल्या डेमोला आणि पाचव्या अल्बमला एकच फूटपट्टी लावू नये. तीन पोरांनी एका दुपारी चार मार्गिकांच्या यंत्रावर ध्वनिमुद्रित केलेल्या डेमोत गिटार बेसूर असू शकते. त्यात एखादा रिफ, एखादा ठेका किंवा एखादी ओरड आणखी कुठेच ऐकलेली नसेल तर तेवढे पुरे. उलट पाचव्या अल्बमवर सगळे जागच्या जागी असून ऐकण्यासारखे काही नसेल, तर तेही तितक्याच शांतपणे लिहावे. मित्रांच्या बँडवर लिहूच नये, आणि लिहिलेच तर पहिल्या ओळीत मैत्री कबूल करावी. फुकट आलेल्या प्रतीबद्दलही तसेच. गुणांकनाचा आग्रह मला कधी पटलेला नाही. दहापैकी सात हा आकडा लिहिणाऱ्याला सोपा आणि वाचणाऱ्याला निरुपयोगी असतो, पण तो मागितलाच गेला तर सगळ्यांत शेवटी, मजकूर पूर्ण झाल्यावर द्यावा, म्हणजे मजकूर आकड्याच्या मागे फरपटत जात नाही.

लेखन संपले की ते एक रात्र तसेच ठेवावे. दुसऱ्या दिवशी गतीची कळ तपासून रेकॉर्ड लावावी आणि ती चालू असताना परीक्षण वाचावे. जे वाक्य शेजारच्या कप्प्यातल्या दुसऱ्या रेकॉर्डवरही खरे ठरेल त्यावर पेन्सिलीने रेघ मारावी. माझ्या बहुतेक मसुद्यांतली निम्मी वाक्ये पहिली बाजू संपण्याच्या आत जातात, आणि सात इंची तबकडीची बाजू चार मिनिटांत संपते.